बिनगोळ्याची गाडी

मेलेल्या माणसाच्या गाडीलाही मास्तरांनी गोळा घ्यायला लावला, त्या दिवशी मी तोंडात बोट घातलं. आमच्या समोरच्या भांड्यांच्या दुकानाचे म्हातारे शेठ वारले होते. घरात रडारड चाललेली, तिरडी बांधून तयार, आणि शववाहिका गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेली. थांबली कसली, थांबवली होती. मास्तर लाल झेंडी आडवी धरून तिच्यापुढे उभे. ड्रायव्हरला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला नमस्कार करायचा असेल. मास्तरांनी खिडकीतून वेताची एक कडी आत दिली. कडीला कातडी पिशवी आणि पिशवीत पलंगाच्या खांबावर असतो तसला लाल लाकडी गोळा.

"मास्टरजी, मय्यत की गाडी है," शेठजींचा मुलगा डोळे पुसत म्हणाला.

"गाडी आहे न? मंग गोळा."

शववाहिका गोळा घेऊन आत आली, शेठजींना घेऊन दुसऱ्या टोकानं बाहेर पडली. तिकडच्या पानठेलेवाल्यानं एका हातानं गोळा परत घेतला आणि दुसरा हात कपाळाला लावला. मी गच्चीतून हे सगळं पाहत होते. नाशिकहून लग्न होऊन गोंदियाला आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल. माझ्या मनात आलं, हा माणूस वेडा आहे आणि त्याला वेडा न म्हणणारं हे गाव त्याच्याहून वेडं आहे.

गल्ली समजल्याशिवाय मास्तर समजायचे नाहीत. भर बाजारातली आमची गल्ली, दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी, मधोमध कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळलेली. या टोकावरून ते टोक दिसत नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, वर घरं. खाली आमचं औषधांचं दुकान आणि वर आम्ही, म्हणजे सासूबाई, आमचे हे आणि मी. एका बाजूला गाड्या लावल्या की उरलेल्या जागेतून बरोबर एक चारचाकी जाते. दोन टोकांनी दोन गाड्या आल्या की वळणावर नाकाला नाक. मग दोघेही इंजिन बंद करणार, खाली उतरणार आणि एकमेकांच्या आईबहिणींचा उद्धार करणार. तोवर मागे बाजार तुंबलेला. नगरपालिकेनं पांढरे पट्टे मारून पाहिले, ते गाड्यांखाली झाकले गेले. एकेरी वाहतुकीचा फलक लावून पाहिला, त्याच्या खांबाला साडीवाल्यानं दोरी बांधून साड्या टांगल्या. शेवटी व्यापाऱ्यांनी मिळून मास्तरांना आणलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशनमास्तर. उभी नोकरी छोट्या लाइनीवर, जंगलातल्या लहान लहान स्टेशनांवर झालेली. छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची, एकेरी. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, म्हणून तिथे गोळ्याची पद्धत होती. स्टेशनातल्या मशीनमधून लोखंडी गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि एक गोळा बाहेर असला की दुसरा निघायचा नाही. मास्तरांनी ही पद्धत जशीच्या तशी आमच्या गल्लीत आणली. या टोकाला स्वतः, त्या टोकाला पानठेलेवाला. गोळा ज्याच्या टोकाला असेल त्यानं गाडी सोडायची. दुसऱ्यानं गोळा हातात येईपर्यंत दोरी ताणून बसायचं. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी त्यांना हाकलून दिलं असतं. पण गोंदियात अर्ध्या लोकांच्या घरात कोणी ना कोणी रेल्वेत. त्यांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. विचित्र मला एकटीला वाटत होतं.

"गोळा तुमच्याजवळ आहे तवर गल्ली तुमची," ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगत. "मंग कलेक्टर आला तरी आत येणार नाही."

गाड्या उभ्या करायची तऱ्हा तर अजबच. गल्लीतली पार्किंगची बाजू म्हणजे त्यांचं यार्ड. हँडब्रेक लावायचा नाही, हँडल लॉक करायचं नाही, कारण मास्तर दिवसभर गाड्या ढकलून पुढेमागे करत असत. ज्याला उशिरा निघायचंय तो वळणाजवळ आत, ज्याला लवकर निघायचंय तो तोंडाशी. आता कोणाला किती वेळ लागणार हे कसं कळायचं? मास्तर सरळ विचारत.

"काय घ्याले आले? लग्नाचं का तेरवीचं?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले. देवरीकडची माणसं होती, गाडीतल्या बाईचं कुंकू खरोखरच पुसलेलं होतं. आता मारामारी होते, असं वाटून मी दुकानातल्या काउंटरमागे सरकले. पण त्या बाईबरोबरचा माणूस शांतपणे म्हणाला, "तेरवीचं."

"मंग तोंडाशी लावा. तेरवीले लोक भाव करत नाहीत, लवकर निघतात. लग्नाचे लोक संध्याकाळपर्यंत बसते."

आणि त्यांनी त्या बाईला आमच्या ओट्यावर बसायला सांगून आमच्याच माठातलं पाणी दिलं. आम्हाला न विचारता.

माझ्या स्कूटीचं हँडल मी सवयीनं लॉक केलं, तेव्हा तर त्यांनी दोन हमाल बोलावून ती अख्खी उचलली आणि आमच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवली. मी खाली आले आणि बघतच राहिले.

"ही इथे काऊन आहे, असं विचारा न," मास्तर म्हणाले. मी विचारलं नाही. "सूनबाई, कुलूप घरात लावतात. रस्त्यावर कायले लावून राहिल्या?"

नाशिकला कोणी असं केलं असतं तर मी पोलिसात गेले असते. इथे माझ्या सासूबाई ओट्यावरच्या खुर्चीत बसून पोट धरून हसत होत्या. एरवी त्यांचं आणि मास्तरांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सासूबाईंचा मुक्काम सकाळपासून त्या खुर्चीत असे आणि खुर्चीचा एक पाय ओट्याखाली उतरलेला असे.

"बाई, तुमची खुर्ची लाइनीत येऊन राहिली."

"तुमची लाइन माह्या ओट्यात येऊन राहिली, मास्तर. ओटा माह्या सासऱ्यानं बांधला. तुमच्या रेल्वेनं नाही."

मग मास्तर खाली बसून खडूनं खुर्चीच्या पायाशी रेघ मारत आणि सासूबाई त्यांच्यादेखत ती पायानं पुसत. हा कार्यक्रम रोज चाले आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नसे, असं मला वाटायला लागलं होतं. दुपारचा चहा त्यांना आमच्याकडूनच जाई, आणि तो सासूबाई स्वतः करत. त्यात साखर कमी पडली की मास्तर बोलून दाखवत.

त्यांच्या हट्टापायी माझा जीव मात्र वरखाली व्हायचा. एकदा एका पुढाऱ्याची गाडी आली. बरोबर दोन जीपा. पुढाऱ्याच्या ड्रायव्हरनं कडी हातात घ्यायला नकार दिला आणि मास्तरांना म्हातारा, खुळा, काय वाटेल ते म्हटलं. मास्तर बाजूला झाले नाहीत. त्या गाडीचं बॉनेट त्यांच्या गुडघ्यांना टेकलं, तरी नाहीत. बाजार चिडीचूप. शेवटी पुढाऱ्यानंच काच खाली करून हात बाहेर काढला आणि गोळा मांडीवर घेऊन बसला. मागच्या दोन्ही जीपा तोंडाशी थांबल्या. एका गोळ्यावर एकच गाडी.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी नंतर विचारलं.

"भीती गोळा नसला तं वाटते."

आमचे हे त्यांना समजावून सांगायचे, मास्तर, आता मोबाइल आलेत, पानठेल्याला फोन करा, तो म्हणाला गल्ली रिकामी आहे की सोडा गाडी. मास्तर मान हलवत. "फोनवर माणूस हो म्हणते. त्याले हो म्हणाची सवय असते. हातात काय आहे ते पाहा." मला वाटे, यांच्या नोकरीत कधीतरी भयंकर अपघात झाला असणार, त्याशिवाय माणूस इतका घट्ट होत नाही. तसं एकदा मी विचारलंही. ते एवढे दुखावले की दोन दिवस त्यांनी आमचा चहा घेतला नाही.

मग ती धनतेरस आली.

धनतेरसला आमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून लोक भांडी, कपडे, सोनं घ्यायला येतात. सकाळपासून मास्तरांची शिट्टी थांबली नव्हती. दुपारी कामठ्याकडचे एक शेतकरी जीपमधून बायकामुलांना घेऊन आले. खरेदी झाली, तोंडाशी गोळा घेतला आणि ते दुसऱ्या टोकानं बाहेर पडले. पानठेल्यावर तेव्हा गिऱ्हाइकांची झुंबड. पानवाल्यानं दोरी सोडली, पण हात पुढे करायला विसरला, आणि तो भला माणूस बायकोशी बोलता बोलता गोळा घेऊन गावाकडे निघून गेला.

हे कळायला थोडा वेळ गेला. कळल्यावर मास्तरांनी एका मोटारसायकलवाल्याला जीपमागे पिटाळलं, गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली आणि तिच्यापुढे स्टूल टाकून बसले. गल्ली बंद. भर धनतेरसला.

साडीवाले शेठ धावत आले. व्यापाऱ्यांचे तेच प्रमुख होते. "मास्टरजी, ये क्या मजाक है? दूसरा गोला बना लो! नहीं तो आलू रख दो थैली में!"

"शेठ, तो माणूस त्या टोकानं परत आला तं? त्याच्या हातात गोळा आहे. तो थांबणार नाही. त्यानं कायले थांबावं? आन इकडून मी बटाटा देऊन दुसरी गाडी सोडली असन, तं?"

"तो क्या होगा? दो गाड़ी अटकेगी, और क्या!"

"दोन गोळे झाले का एकाचंबी काम नाही राहत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी शेठकडे पाठ फिरवली.

शेठ शिव्या देत परत गेले आणि साधारण त्याच वेळेला आमच्या ओट्यावर सासूबाई खुर्चीतून घसरल्या. मी शेजारीच उभी होते. त्यांच्या कपाळावर घाम डबडबला होता, ओठ निळसर झाले होते, आणि एवढं बोलणारी बाई नुसती माझ्या पदराला धरून होती. ह्यांनी दुकानातून औषध काढून त्यांच्या तोंडात दिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दिसतंय, चालवू नका, व्हॅन पाठवतो, दाराशी घ्या. त्या गर्दीतून खाटेवर घालून नेणं शक्यच नव्हतं. आमच्या बाजारात माणूस माणसाला वाट देत नाही, गाडीला देतो.

व्हॅन लगेच आली, पण हॉर्न एकाच जागेवरून वाजत राहिला. मी तशीच अनवाणी धावले.

दोरी बांधलेली. दोरीपलीकडे व्हॅन. मधे मास्तर, हातात लाल झेंडी.

"मास्तर, आमच्या सासूबाई! त्यांना न्यायचंय!"

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण ते हलले नाहीत. "सूनबाई, गोळा नाही."

मी ऐकलं ते मला खरं वाटेना. मी पुन्हा सांगितलं. ज्या बाई रोज तुम्हाला चहा करून देतात त्या, असंही सांगितलं. ते म्हणाले, "पानवाला फोन उचलून नाही राहिला. तिकडं धाडलेला पोरगा गर्दीतून परत नाही आला. जीप कुठे आहे मले माहीत नाही. वळणावर समोरासमोर आल्या तं बाई तिथेच अडकन. मंग ना मागं, ना पुढं."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हे मला आज कळतं. त्या क्षणी मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. लोक गोळा झाले. शेठ ओरडायला लागले. कोणीतरी दोरीला हात घातला तर मास्तरांनी त्याला ढकलून दिलं, इतक्या जोरानं की तो पडला. शेवटी मी रस्त्यावर बसले आणि त्यांच्या पायजम्याला धरून म्हणाले, "मास्तर, त्या जातील हो. गाडी सोडा."

ते माझ्याकडे पाहत होते, पण मला पाहत नव्हते. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी झेंडी काखेत धरली आणि दोरीची गाठ स्वतःच सोडली. ती लवकर सुटेना. सुटली तशी ते बाजूला झाले.

"जा," ते म्हणाले.

व्हॅन आत शिरली. मी तिच्या मागे धावले आणि धावता धावता का कोण जाणे, मागे वळून पाहिलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान गच्च झाकून घेतले होते.

समोरून काहीच आलं नाही. गल्ली शेवटपर्यंत रिकामी होती. सासूबाई वेळेवर पोचल्या आणि वाचल्या.

संध्याकाळी कामठ्याचे ते शेतकरी जीप घेऊन परत आले. बिचारे शरमेनं अर्धे झाले होते. गोळ्याबरोबर चिन्नोर तांदळाची पिशवीही माफीदाखल आणली होती. पण ती घ्यायला मास्तर जाग्यावर नव्हते. शिट्टी, लाल झेंडी, हिरवी झेंडी, सगळं सासूबाईंच्या रिकाम्या खुर्चीत नीट ठेवून ते निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. शेठ त्यांच्या घरी जाऊन आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "आदमी सटक गया है। जान बचाई और बोलता है, मुझसे बड़ी गलती हो गई।" गल्लीत पुन्हा नाकाला नाक आणि शिवीला शिवी सुरू झाली.

सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या. जरा चालू फिरू लागल्या तशी त्यांनी एकच धोशा लावला, मला मास्तरांकडे न्या. "मी मेली असती तं कोणी समजू शकते. वाचली म्हणून काऊन रुसला हा माणूस?" मी पेढे घेतले, रिक्षा केली आणि दोघी निघालो.

रुळांच्या पलीकडे त्यांचं लहानसं कौलारू घर. आत पाऊल टाकलं आणि मी चरकले. मास्तर खाटेवर बसले होते, पण निम्मे झाले होते. दाढी वाढलेली. शर्टाची बटणं चुकीची लावलेली. गाडीचं चाक बोटभर तिरपं असलं तरी न खपवून घेणारा माणूस!

"बऱ्या आहात न, बाई?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत. तुमच्यामुळे. आता उद्यापासून या कामावर. पाहा, खुर्ची ओट्यावर घेतली म्या. लाइनीत नाही येणार."

सासूबाईंनी पेढा पुढे केला. त्यांनी तो घेतला, हातात धरला आणि उठून बाहेर अंगणात गेले. पेढा खाल्ला नाही. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

"काय झालं यायले?" सासूबाई म्हणाल्या. "मी वाचली त्याचं एवढं दुःख?"

त्यांची बायको चुलीपाशी चहा करत होती. लहानखुरी, केस पांढरे झालेली बाई. आजवर आम्ही तिला पाहिलं नव्हतं. तिनं चहाचे कप आमच्यापुढे ठेवले आणि समोर बसली.

"तुमच्यासाठी नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्ही वाचल्या, चांगलं झालं. गोष्ट अलग आहे."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, धान निवडत सांगावं तसं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. छोट्या लाइनीवर, जंगलातलं स्टेशन. आजूबाजूला ना गाव, ना दाई. हिला कळा लागल्या त्या दिवस भरायच्या आधीच. गोंदियाकडे जाणारी गाडी फलाटाला उभीच होती. हिला धरून डब्यात निजवलं. आणि मशीन अडली. गोळा निघेना. तारायंत्र मुकं, पुढच्या स्टेशनाचा काही पत्ता लागेना.

"ड्रायव्हर यायच्या पाया पडला, बाई. म्हणे, मास्तर, मी शिट्टी मारत मारत नेतो, बैलगाडीच्या चालीनं नेतो, वाइफची हालत पाहा. गार्डबी म्हणे, नेऊ द्या. यायनं नाही सोडली. म्हणे, गोळा नाही. मी आतून आवाज देऊन राहिली होती, सोडा न, सोडा न. नाही सोडली."

दुपारपर्यंत गाडी तिथेच उभी राहिली.

"मुलगी झाली. डब्यातच. रडली नाही."

मी सासूबाईंच्या हातातला कप काढून घेतला.

"समोरून काही येतच नव्हतं. लाइन खाली होती. मागून समजलं."

"आन तुम्ही राहिल्या याच्यासंगं?" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"माहेरचे न्याले आले होते. माय म्हणे, असा कसा माणूस, स्वतःच्या लेकराची गाडी सोडत नाही. मी भांडली सगळ्यांसंगं. म्हटलं, त्यायले सोडता येतच नव्हती. नियम हाये. समोरून गाडी असती तं एवढे सारे मेले असते. त्यायच्या हातात नव्हतं. एवढंच धरून मी जगली, बाई. घरात आम्ही दोघं कधी त्या गोष्टीचं नाव नाही काढलं. काढाचं काम नव्हतं. हातातच नव्हतं तं काय बोलाचं?"

तिनं पदर सारखा केला आणि खिडकीकडे पाहिलं. अंगणात मास्तर तसेच पाठमोरे उभे होते.

"त्या दिवशी धनतेरसले घरी आले, आन माह्यासमोर खाली बसले. म्हणे, गोळा नव्हता, तरी सोडली. मले वाटलं, आता साहेब लोकांचा धाक नाही, नोकरी नाही, सोडली असन. म्हटलं, चांगलं केलं. तं माह्या पायाले हात लावून म्हणतात, नाही वं, सोडता येत होती. तेव्हाबी सोडता येत होती."

तिनं आमचे कप उचलून चुलीपाशी ठेवले.

"इतके वर्षं मी साऱ्या दुनियेले सांगत आली, त्यायच्या हातात नव्हतं," ती म्हणाली. "आता हे म्हणतात, होतं."